उपवासात मेंदी काढायची तर

मेंदी ताजी घ्या, हात साबणाने धुवा, क्रीम किंवा तेल लावू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं. काळी मेंदी मात्र नकोच. तिच्यात बहुतेकदा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं, फोड येतात आणि व्रण मागे राहतात. आता मुख्य गोष्ट: हात गरम ठेवा. मागच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं आणि रंग नारिंगीच्या पुढे गेलाच नाही.

मेंदी रंगली नाही की खापर उपवासावर फुटतं, ‘पोट रिकामं होतं ना’. पण मेंदीतलं रंगद्रव्य, म्हणजे लॉसोन, कातडीच्या अगदी वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं. तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, तेव्हा आज जेवलात की नाही याचा त्या थराला पत्ताही नसतो. तळहात मनगटापेक्षा गडद रंगतो तोही याच थरामुळे, तळहातावर तो जाड असतो. उपवासाने बदलतं ते हातांचं तापमान. खाणं बंद असलं की शरीर उष्णता जपून वापरतं, काहींची बोटं गार पडतात. त्यात ओल्या लेपातलं पाणी उडतं आणि हात आणखी थंड होतात. थंड हातावर रंग धरायला वेळ लागतो. म्हणून पुन्हा सांगते: पंखा बंद, एसी बंद, अंगावर शाल.

शक्य असेल तर उपवास सुटल्यावर, जेवून मगच मेंदीला बसा. ते जमत नसेल तर दुपारच्या उबेत काढा, पहाटे नको. पाणी चालत असेल तर आधीच पिऊन घ्या आणि बाथरूमला जाऊन या, नंतर दोन्ही हात अडकलेले असतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर उतरून चक्कर आली तर मेंदी गेली चुलीत. जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल, तर मेंदी लावूच नका, लॉसोनने रक्तपेशी फुटतात. तान्ह्या बाळांच्या अंगाला तर मुळीच नको.

पूड घरीच भिजवणार असाल तर आदल्या रात्री लिंबाच्या रसात भिजवा. आंबटपणामुळे रंग सावकाश सुटतो. खोली उबदार असेल तर काही तास पुरतात, गार असेल तर रात्र लागते. थोडं निलगिरी तेल घाला. कोनाला रॉकेलसारखा वास येत असेल तर टाकून द्या.

लेप वाळू लागला की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने हलकेच लावा, म्हणजे तो गळून पडत नाही. वर कागदी टेप आणि त्यावर मोजे. हो, तेच, गरम राहायला. मोज्यांचा कंटाळा येतो, तरी काढू नका.

सहा-आठ तासांनी खरवडून काढा, धुऊन नाही. त्यानंतर दिवसभर हातांना पाणी लागू देऊ नका. सुरुवातीला नारिंगी दिसेल, घाबरू नका, हवेने दोन दिवसांत गडद होतो. भांडी दुसऱ्या कुणाला तरी घासू द्या.