गणपतीला इलेक्ट्रिक गाडीने गावी: निघण्याआधीची तयारी

गणपतीला गाडी कोकणात न्यायची असेल तर चार्जिंगची तयारी तीन आठवडे आधी सुरू करा. सुरुवात हायवेवरच्या चार्जरपासून नको, गावच्या घराच्या अर्थिंगपासून करा. आमचा रस्ता पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर. या रस्त्यावर मला आजवर जी अडचण आली ती वाटेत नाही, मुक्कामी पोहोचल्यावर आली.

गावी फोन करून घरातल्या कोणाला तरी सांगा, वायरमनला बोलावून १६ अँपिअरचा सॉकेट तपासून घ्या. बहुतेक घरांत असा एकच सॉकेट असतो, तोही विहिरीच्या पंपाचा. त्याला अर्थिंगची वायर आहे का, ती खरंच जमिनीत गेलीय का, आणि मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट दिसतात, एवढं विचारा. दोन-चार व्होल्ट दिसले तर ठीक, वीस-तीस दिसले तर गडबड आहे. गाडीसोबत मिळणारा चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग मे महिन्यात दगा देतं. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घ्यायचा तर पाऊस थोडा उघडला की लगेच सांगा. गणपतीच्या आठवड्यात वायरमन हाती लागत नाही.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. 'सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून देतो, चार्जर चालू होईल,' असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. चार्जर चालू होतो हे खरं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर करंट थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. ओलं खळं, अनवाणी पोरं, गाडीला टेकून उभी असलेली आजी, हे चित्र डोळ्यासमोर आणा. त्या दिवशी गाडी चार्ज झाली नाही तरी चालेल. सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. एका चांगल्या फोर-व्हीलर टायरच्या किमतीत अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही होऊन जातं.

एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या वर्षी मी तो वापरला. तासाभराने प्लास्टिक जळाल्याचा वास आला, प्लग काढला तर एक पिन तपकिरी झालेली आणि बोर्डाचं भोक वितळून अंडाकृती झालेलं. तेव्हापासून कुठेही प्लग लावला की अर्ध्या तासाने त्याला हात लावून बघतो. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, म्हणून आरती-जेवणं उरकल्यावर रात्री अकरानंतर लावा.

पुण्यातल्या पार्किंगमधल्या चार्जिंगच्या लाइनचं काम एकदाच करायचं असतं, म्हणून ते नीट करा. मीटररूममधल्या स्वतःच्या मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा, सोसायटीला लेखी कळवा. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायचा जास्त वेगाचा चार्जर) निदान ६ ची, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. वॉलबॉक्स घेणार असाल तर आधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. माझ्या मते रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला वॉलबॉक्सची गरज नाही. साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिट धरली तरी रात्री नऊ ते सकाळी सहा सत्तावीस युनिट जातात. बिलाचा स्लॅब मात्र वर सरकतो, ते हिशेबात धरा.

आता रस्ता. फास्ट चार्जरची दोन-तीन अॅप्स घरीच उतरवा, वॉलेटमध्ये पैसे घरीच भरा; घाटात रेंज नसते आणि ओटीपी येत नाही. पहिलं चार्जिंग साताऱ्याच्या आसपास, नाश्त्याबरोबर. ज्या स्टेशनवर थांबायचं तिथे आदल्या दिवशी फोन करा, कारण अॅपवर हिरवं दिसणारं स्टेशन दोन दिवस बंद असू शकतं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं, अशी दोन स्टेशनं कागदावर लिहून ठेवा आणि वीस टक्क्यांच्या खाली जायच्या आधी थांबा. दोन गन (गाडीत लावायचे चार्जिंगचे प्लग) असलेल्या ६० किलोवॅटच्या मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की बहुधा तुमच्या वाट्याला ३० येतात, तेवढा वेळ जास्त धरा. ऐंशी टक्क्यांनंतर वेग फार पडतो. मागे रांग असेल तर तिथेच गन काढून पुढच्याला द्या. गणपतीला सगळ्यांनाच घरी पोहोचायचं असतं.

घाटाचा हिशेब लोक उलटा करतात. कुंभार्ली उतरताना ब्रेकिंगमधून बॅटरीत थोडी भर पडते, गाडी चिपळूणला अपेक्षेपेक्षा जास्त टक्के घेऊन पोहोचते आणि माणूस खूश होतो. परतीला तीच सुमारे ६०० मीटरची उंची भरल्या गाडीने चढायची असते. चार माणसं आणि डिकीत नारळ, तांदूळ धरून नुसत्या चढाला साडेतीन युनिटच्या आसपास जातात, म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीतले दहा-बारा टक्के. म्हणून विसर्जनाच्या आदल्या रात्री गाडी प्लगला लावायला विसरू नका आणि त्या रात्री शंभर टक्के भरा. लाइट गेली तर सकाळी चिपळूणला फास्ट चार्जरवर तासभर काढायचा, आणि तो तास निघायच्या वेळेत आधीच धरून ठेवायचा.