सोलापूरच्या उन्हात छोट्या गाडीचा पिकअप

मार्च उजाडला की अक्कलकोट रोडवरच्या माझ्या गॅरेजात एकच तक्रार येते, "मिस्त्री, गाडी ओढंना." सोबत बहुतेकांचा मोबाइल पुढे येतो, त्यात लाल टोपीवाल्या उघड्या कोन फिल्टरचा, म्हणजे डब्याशिवाय बसणाऱ्या शंकूसारख्या हवेच्या फिल्टरचा, फोटो असतो. हा बसवून द्या म्हणतात. मी नाही म्हणतो, आणि का ते सांगतो.

अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद ४८ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). त्यात एसी चालू आणि मागे तिघं बसलेले. अशा इंजिनाला गार हवा हवी, कारण हवा तापली की विरळ होते. बाहेर ४० अंश आणि बोनेटखाली ६५ अंश धरले, तर इंजिनाच्या प्रत्येक श्वासात साधारण ७ टक्के हवा कमी जाते. हवा कमी म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलही त्या मानानं कमी सोडतो. उघडा कोन फिल्टर नेमकी ही बोनेटखालचीच हवा ओढतो. आवाज मात्र दणक्यात येतो, त्यामुळे गाडी पळाल्यासारखी वाटते. "काका, आवाज तरी येतो ना?" असं एक पोरगं म्हणालं. त्याला म्हटलं, आवाजच हवा असेल तर हॉर्न बदल.

टायरची हवा, प्लग, क्लच आधी तपासा. ते ठीक असेल तर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला जी प्लॅस्टिकची नळी असते, ती शोधा. ग्रिलमागून किंवा फेंडरजवळून बाहेरची हवा आणणारी हीच. जुन्या गाड्यांत ती बऱ्याचदा गायबच असते. बंपरचं किंवा डेंटिंगचं काम झालं की कुणीतरी ती काढून ठेवतं आणि परत बसवत नाही. डबा मग रेडिएटरमागची भाजकी हवा पीत बसतो. त्या मॉडेलची मूळ नळी आणून बसवा, क्लिपा पक्क्या करा. माझ्या मते सोलापुरात याहून चांगलं अपग्रेड नाही. काही जण लवचिक पाइप घेऊन थेट बंपरखाली तोंड काढतात. ते करू नका. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की ते इंजिनात ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता फिल्टर. इंजिन बंद करून डब्याच्या क्लिपा सोडा आणि फिल्टर उजेडाकडे धरा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर नवीनच टाका. यंत्रमागाच्या शेडजवळ गाडी उभी राहत असेल तर घड्यांवर धुळीबरोबर सुताचं तूसही बसलेलं दिसेल, अगदी करड्या गोधडीसारखं. कागदी फिल्टर धुवायचा नाही. कॉम्प्रेसरची हवा मारलीच तर स्वच्छ बाजूनं आणि लांबून. डब्याच्या कडेला रबर नीट बसलं आहे का, तेही बोटानं चाचपून बघा. तिथून फट राहिली तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तेल लावलेले कापडी फिल्टर मिळतात, पण इथल्या धुळीत मला त्यांचा भरवसा नाही.

थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागावर, काळा थर असेल तर थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. केबलऐवजी मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटानं ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात. सेन्सरवर फवारा मारू नका. नंतर काही वेळ आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं फिरणं, वर-खाली होतं, ते आपोआप बसतं. नाहीच बसलं तर स्कॅनर लावून घ्या.

आणि हो, इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची, मूळ रचना कापून-जोडून बदलू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे फेरफार अडचणीचे ठरू शकतात, विम्याच्या वेळीही प्रश्न येऊ शकतात.

फरक मोजायचा तर आधीची आणि नंतरची चाचणी दिवसाच्या एकाच वेळेला, एकाच रस्त्यावर, एसी बंद ठेवून मोजा. सकाळची चाचणी दुपारच्या चाचणीशी लावू नका, सकाळी गाडी तशीच हलकी पळते. मी गिऱ्हाइकाला तुळजापूरच्या घाटात पाठवतो. आधी जिथं दुसरा गिअर टाकावा लागत होता, त्या वळणावर तिसऱ्यात निघाली तर काम झालं.