आत्याच्या टॅबला खातं नको

आमची आत्या ७८ वर्षांची, वाईला एकटी राहते. तिला कीर्तनं ऐकायची असतात आणि नातवंडांचे फोटो बघायचे असतात. एवढ्यासाठी जीमेल, पासवर्ड, ओटीपी यांचा ताप तिला कशाला? म्हणून माझा जुना अँड्रॉइड टॅब मी तिला बिनखात्याचाच लावून दिला.

टॅब वापरलेला असेल तर रीसेट करण्याआधी, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करण्याआधी, सेटिंग्जमधून आपलं गूगल खातं आणि स्क्रीन लॉक काढाच. ते राहिलं, तर रीसेटनंतर टॅब तेच जुनं खातं मागून अडून बसू शकतो. चोरीला आळा म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे.

मग नव्याने सुरू करताना गूगलचं पान आलं की 'स्किप'. पुन्हा विचारलं तर पुन्हा स्किप.

खात्याशिवाय प्ले स्टोअरमधून अ‍ॅप घेता येत नाही. मी ब्राउझरमधून एफ-ड्रॉइड हे खातं न मागणारं अ‍ॅपचं दुकान उतरवलं आणि त्यातून गाणी-व्हिडिओ वाजवणारं व्हीएलसी घेतलं. त्यासाठी ब्राउझरला अ‍ॅप बसवण्याची परवानगी द्यावी लागते. काम झालं की ती लगेच काढून घ्या. कीर्तनं, फोटो मेमरी कार्डावर भरले. यूट्यूब खात्याशिवायही चालतं.

अक्षर सगळ्यात मोठं केलं, होम स्क्रीनवर तीनच चिन्हं ठेवली. मग आत्याशेजारी बसलो आणि टॅब तिच्याच हातात दिला. आपण करून दाखवलेलं लक्षात राहत नाही, तिच्या बोटांनी केलेलं राहतं.

बिनखात्याचा टॅब हरवला तर दुरून शोधता येत नाही, म्हणून फोटोंची एक प्रत माझ्याकडे आहे.