हंगेरीच्या मध्ययुगीन राजांबद्दल वाचताना-लिहिताना या चुका टाळा

हंगेरीच्या राजांची यादी नेटवर मिनिटभरात सापडते, पहिला इश्तवान ते दुसरा लायोश, साधारण १००० ते १५२६. ती पाठ केली की आपल्याला इतिहास कळला असं वाटायला लागतं, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. यादीत नुसती नावं आणि सालं असतात, गादी कोणाकडून कोणाकडे कशी गेली ते त्यात नसतं, आणि या राजांच्या बाबतीत सगळी गंमत त्या 'कशी'मध्येच आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बाप गेला, मुलगा बसला असं धरून चालणं. इश्तवानचा मुलगा इम्रे १०३१ मध्ये शिकारीत गेला, मग १०३८ ला इश्तवान वारल्यावर गादी मिळाली बहिणीच्या मुलाला, पीटरला, जो व्हेनिसच्या डोजचा, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचा, मुलगा. इश्तवानच्या चुलतभावाचे, वाझुलचे, डोळे आधीच काढले होते, त्याची मुलं परागंदा झाली होती, आणि त्यातलाच आंद्राश १०४६ मध्ये परत येऊन राजा झाला. तिथून १३०१ पर्यंतचे आर्पाद घराण्याचे (इश्तवानचंच घराणं) सगळे राजे या आंधळ्या केलेल्या वाझुलचे वंशज आहेत, इश्तवानचा एकही नाही! पुढे आंद्राशने आपल्या लहानग्या शालामोनला राज्याभिषेक करून टाकला म्हणून भाऊ बेला उलटला, कारण घरातला मोठा कर्ता पुरुष राजा होणार ही जुनी रीत लोक विसरले नव्हते. म्हणून वाचायला बसताना वंशावळ कागदावर स्वतः काढा, काका-पुतणे-चुलतभाऊ सगळे, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते, बखर जे सांगते ते जसंच्या तसं घेणं. कालमान (१०९५ ते १११६) हा त्या काळातला सगळ्यात शिकलेला राजा, पुस्तकी म्हणून ओळखला जायचा, त्याच्या कायद्यात एका प्रकारच्या चेटकिणींबद्दल साफ लिहिलंय की त्या नसतातच, तर चौकशी कसली. पण चौदाव्या शतकातल्या सचित्र बखरीत तो कसा आहे? अंगभर केस, तिरळा, कुबडा, लंगडा, तोतरा. आता या वर्णनामागे कोणाची बाजू आहे ते बघा. कालमानने सख्खा भाऊ आल्मोश आणि आल्मोशचा छोटा मुलगा बेला या दोघांचे डोळे काढले होते, आणि तोच बेला ११३१ मध्ये राजा झाला, पुढची आर्पाद घराण्याची अख्खी रांग त्याचीच. मग कालमानबद्दल कोण चांगलं लिहिणार? वाझुलच्या बाबतीतही तेच, बखर दोष इश्तवानच्या राणीवर, गिझेलावर, ढकलते, पण त्याच काळातली जर्मनीतल्या आल्टाइख मठाची नोंद सरळ इश्तवानचं नाव घेते, आणि इश्तवान तर १०८३ पासून संत, त्याच्या माथी हे कोण मारणार. कालमानचं वर्णन कुठे वाचलंत तर आधी लिहिणारा कोणाच्या बाजूचा हे शोधा, मग विश्वास ठेवा.

'इश्तवानचा मुकुट' हीसुद्धा चूकच. आज बुडापेस्टमध्ये वाकड्या क्रॉसचा जो पवित्र मुकुट आहे त्याचा खालचा भाग बायझंटाइन आहे आणि त्यावर इश्तवानच्या बऱ्याच नंतरच्या पहिल्या गेझाचं (१०७४ ते १०७७) चित्र आहे, म्हणजे हा मुकुट या रूपात इश्तवानने घातलेला असूच शकत नाही. पण म्हणून तो कमी महत्त्वाचा असंही नाही. हळूहळू नियम असा पक्का झाला की अभिषेक याच मुकुटाने, एस्टरगोमच्या आर्चबिशपच्या हातून, सेकेशफेहेरवारला, तिन्ही जुळलं तरच राजा खरा. आंजू घराण्यातल्या चार्ल्स रॉबर्टला तर यापायी तीनदा मुकुट घालून घ्यावा लागला, १३०१, १३०९ आणि मग १३१० ला एकदाचं सगळं जुळलं. म्हणून त्याच्या कारकिर्दीची सुरुवात वेगवेगळ्या पुस्तकात वेगवेगळी दिसते, ती छपाईची चूक नाहीये.

आणि हे किती सीरियस होतं ते १४४० मध्ये बघा. राजा आल्बर्ट गेलेला, राणी एलिझाबेथ गरोदर, सरदारांना पोलंडचा तरुण राजा हवा. राणीची दासी हेलेना कॉटानर फेब्रुवारीच्या रात्री, मुकुट ठेवलेल्या विशेग्रादच्या किल्ल्यात शिरली, सोबतच्या माणसाने कुलपं कानशीने घासून काढली, मुकुट लाल मखमली उशीत शिवून टाकला, आणि घसरगाडीतून गोठलेली डॅन्यूब ओलांडून तो कोमारोमला राणीकडे पोचवला. ती पोचली त्याच रात्री मुलगा झाला, लास्लो. मे महिन्यात तीन महिन्यांच्या आतल्या त्या बाळाला सेकेशफेहेरवारला विधिवत अभिषेक! दोनच महिन्यांत सरदारांनी तो अभिषेक रद्द ठरवून पोलंडच्या उलास्लोला दुसऱ्याच मुकुटाने राजा केलं. तो १४४४ मध्ये व्हार्नाला लढाईत पडला.

इथेच नावांची ठेच लागते. लास्लो पाचवा आणि उलास्लो पहिला हे दोन वेगळे राजे, नंबरही वेगळे मोजतात, आणि १४९० चा उलास्लो दुसरा तर तिसराच माणूस. उलट पहिला लायोश, लुई आणि पोलंडचा लुडविक हा मात्र एकच, १३४२ पासून हंगेरीचा आणि १३७० पासून पोलंडचाही. नुसतं नाव नका लिहू, घराणं जोडा: आर्पाद, आंजू, लक्झेंबर्ग, हाब्सबर्ग, यागिएलो.

हुन्यादी यानोशला राजा म्हणू नका, तो १४४६ ते १४५३ कारभारी होता, राजा झाला त्याचा मुलगा मातियास, १४५८ मध्ये. मातियासचं १४६४ हे साल अभिषेकाचं, कारण मुकुट पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिककडे अडकला होता आणि ८०,००० सोन्याची नाणी मोजून सोडवावा लागला. तसंच सगळ्यांना बुडाला बसवू नका, चार्ल्स रॉबर्टचा दरबार १३२३ पासून विशेग्रादला होता, आणि बुडापेस्ट हे एकत्र शहर तर १८७३ चं.

शेवटची चूक १५२६ ची. मोहाचला तुर्कांशी झालेल्या लढाईत २९ ऑगस्टला दुसरा लायोश गेला आणि हंगेरी संपलं असं लिहिलेलं खूप ठिकाणी दिसतं. तसं नाही झालं. नोव्हेंबर १५२६ मध्ये सरदार यानोश झापोयाला आणि बरोबर वर्षभराने, नोव्हेंबर १५२७ मध्ये, हाब्सबर्ग फर्डिनांडला, दोघांनाही सेकेशफेहेरवारला त्याच पवित्र मुकुटाने राजा केलं गेलं, तेव्हा त्या काळाबद्दल 'हंगेरीचा राजा' लिहिताना कोणता ते सांगावंच लागतं. बुडा तुर्कांकडे गेलं ते १५४१ मध्ये.