बाहेर राहणारे फेरेट आणि थंडी: हीटरच्या आधी झोपायची पेटी बघा

थंडी पडायला लागली की फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हीटर कुठला लावू? माझं म्हणणं, हीटर राहू दे, आधी त्यांच्या झोपायच्या पेटीत हात घाला आणि थोडा वेळ तसाच ठेवा. आतलं बेडिंग कोरडं लागतंय का, हाताला कुठून वारा लागतोय का? हे दोन्ही नीट असेल तर बहुतेक वेळा हीटरची गरजच पडत नाही, आणि नसेल तर कितीही महागडा हीटर लावा, फेरेट कुडकुडणारच.

मुळात हा प्राणी गारव्याचा आहे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या जंगली प्राण्यापासून माणसाने तो पाळीव केला, अंगावर दाट फर, आणि घाम जवळजवळ येतच नाही त्यामुळे खरा त्रास त्याला उन्हाळ्यात होतो. साधारण १५ ते २१ डिग्रीत तो मजेत असतो, २७-२८ च्या वर गेलं की धापा टाकायला लागतो. उलट बाजूला, सवय झालेला धडधाकट फेरेट शून्याच्या खालीसुद्धा रात्र आरामात काढतो, फक्त अंथरूण कोरडं हवं, वारा अडवलेला हवा आणि शेजारी दुसरा फेरेट हवा. ओल आणि वारा एकत्र आले ना, की मग ७-८ डिग्रीसुद्धा जड जाते.

आता "सवय झालेला" हा शब्द महत्त्वाचा. दिवस लहान व्हायला लागले की फेरेटचं शरीर आपोआप तयारीला लागतं, फर दाट होते, भूक वाढते, चांगली चरबी चढते, नर तर असा काही गुबगुबीत होतो की नवीन माणसाला वाटतं ह्याला डाएटवर ठेवायला पाहिजे. अजिबात ठेवू नका, ती चरबी थंडीसाठीच आहे, उन्हाळ्याकडे आपोआप उतरते. पण ही सगळी तयारी मुख्यतः दिवसाच्या उजेडावर चालते, त्यामुळे जो फेरेट घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइटखाली राहतो त्याची फर तेवढी भरत नाही, आणि असा फेरेट ऐन थंडीत उचलून बाहेर ठेवला तर त्याचे हालच. बाहेर ठेवायचाच असेल तर हवा अजून उबदार असतानाच ठेवा आणि मग थंडीभर बाहेरच राहू द्या. रात्री गरम खोलीत, सकाळी परत बाहेर अशी ने-आण तर नकोच नको. फारच कडाक्याची लाट आली तर पिंजरा हीटर नसलेल्या शेडमध्ये किंवा बंद व्हरांड्यात सरकवा, तेवढं पुरतं. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर तिथे गाडी सुरू करायची नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड एवढ्याशा जिवाला लवकर लागतो.

आणि काही फेरेट बाहेर ठेवायचेच नसतात. लहान पिल्लं, म्हातारे झालेले (५-६ वर्षांच्या पुढचे जरा जपूनच), आजारातून उठलेले, बारीक झालेले, ऑपरेशनसाठी पोटावरची फर काढलेले. अ‍ॅड्रिनलच्या आजारात (ही किडनीजवळची एक ग्रंथी) शेपटीपासून केस गळत जातात, अशा फेरेटकडे थंडीशी लढायला काही उरलेलंच नसतं, त्याला घरात घ्या. इन्सुलिनोमावाल्याची (स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ) रक्तातली साखर अचानक खाली येते, तोही घरातच बरा. एकटा फेरेट हा मधला मामला, तब्येत चांगली असेल तर राहतो, पण दोघं-तिघं एकमेकांवर ढीग करून झोपतात त्याची ऊब एकट्याला कुठून मिळणार, त्याची पेटी आणखी लहान आणि आणखी ठासून भरलेली पाहिजे.

पिंजऱ्याचं थोडक्यात सांगतो. जमिनीपासून निदान वीतभर उंच, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. छप्पर उतरतं आणि पुढे आलेलं, जाळीची बाजू वाऱ्याकडे नको, जमलं तर सकाळचं ऊन येईल अशी. फटी बुजवा पण आतून फोम किंवा रबरी पट्टी लावू नका, फेरेटला रबर कुरतडायचं व्यसन असतं आणि तो तुकडा आतड्यात अडकला की थेट ऑपरेशन. रात्री जाळीवर ताडपत्री सोडा, पण वरच्या बाजूला हवेला वाट ठेवून. सगळं गच्च बांधून टाकायचा मोह होतो, आणि तिथेच बरेच जण चुकतात, कारण फेरेटच्या श्वासाची वाफ आणि लघवीचा वास दोन्ही आत कोंडतात, वाफ छताला लागून थेंब होऊन परत बेडिंगवर पडते आणि अमोनियाने त्यांची छाती खराब होते. सकाळी झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पाणी दिसलं किंवा नाकात चरचरलं तर समजा की हवा कमी पडतेय.

खरी मेहनत घ्यायची ती झोपायच्या पेटीवर. मोठ्या पिंजऱ्याच्या आत ही वेगळी लाकडी पेटी, आणि ती लहान पाहिजे, सगळे गुंडाळी करून बसले की फारशी जागा उरू नये एवढीच. मोठी पेटी गरम करायला त्यांच्या अंगात तेवढी ऊब नसते. भोक फेरेट आरामात आत जाईल एवढंच, आणि तळापासून चार बोटं वर, म्हणजे खालून वारा शिरत नाही आणि बेडिंगही बाहेर सांडत नाही. भोकाच्या आत एक आडवी फळी टाकून वळण केलंत तर फारच छान, वारा वळणावरच थांबतो. झाकण वरून उघडणारं ठेवा कारण तुम्हाला रोज हात घालायचा आहे. भिंती दुहेरी प्लायच्या करून मधे थर्माकोल भरा, पण थर्माकोलचा एक कोपराही उघडा राहू देऊ नका, ते पण कुरतडतात.

आत भरायचं काय? काड. गव्हाचं किंवा बार्लीचं कोरडं काड, आतून पोकळ असतं त्यामुळे त्यात हवा धरून राहते आणि पाणी लवकर शोषत नाही. पेटी अर्धीमुर्धी नाही तर अगदी झाकणापर्यंत भरा, फेरेट स्वतः आत बोगदा करून मधोमध आपली जागा बनवतो, ते काम त्यालाच करू द्या. मऊ वाळलेलं गवत लोक प्रेमाने घालतात पण ते ओल धरतं, बुरशी येते, धूळही जास्त. देवदार, पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा वास श्वसनाला त्रास देतो. आणि ब्लँकेट, स्वेटर, हॅमॉक (टांगायची कापडी झोळी) हे सगळं घरातल्या फेरेटसाठी, बाहेर कापड दमट होतं, कडक गारठ्यात गोठतं सुद्धा, मग फेरेट ओल्या फडक्यात झोपल्यासारखाच झाला. काड आठवड्याला बदला, ओलं लागलं तर त्याच दिवशी. फेरेट बहुधा झोपतो तिथे घाण करत नाही, लांबचा कोपरा निवडतो, तो कोपरा रोज साफ केला की पेटी बराच काळ कोरडी राहते. आणखी एक, ह्यांना खाणं लपवायची भारी हौस, मांसाचा तुकडा ओढून थेट अंथरुणात नेतात, तो तिथे सडतो आणि ओल करतो, म्हणून रोज चाचपून बघायचं.

एवढं करूनही एखादी रात्र फारच वाईट असेल तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची कडक प्लॅस्टिकची डिस्क मिळते, ती कापडात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला काडाखाली ठेवा, पूर्ण तळाला नको, नकोसं झालं तर फेरेटला बाजूला सरकता आलं पाहिजे. रबरी गरम पाण्याची पिशवी नको (परत तेच, कुरतडणं). वायरवाले पॅड फक्त वायरला धातूचं आवरण असेल तरच. काडाच्या जवळ हीट लॅम्प आणि बंद शेडमध्ये रॉकेलचा हीटर, ही दोन्ही माझ्या मते सरळ जिवाशी खेळणं आहे, मग कोणी कितीही म्हणो की आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतंय.

पाण्याकडे मात्र लक्ष पाहिजे. बाटलीला मोजा घालतात, बबल रॅप गुंडाळतात, पण आधी गोठते ती नळी, बाटली भरलेली दिसते आणि फेरेट तहानलेला. कडक थंडीत जड सिरॅमिकचा वाडगा ठेवा, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी बदला, आणि बाटली असेलच तर प्रत्येक वेळी त्या नळीतली गोळी बोटाने हलवून बघा. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ वगैरे काहीही घालायचं नाही. गाडीचं अँटीफ्रीझ तर आसपास सांडलेलंही नको, चवीला गोड असतं आणि जीवघेणं विष आहे.

खाणं थंडीत वाढतं, वाढू द्या. फेरेट निव्वळ मांसाहारी, खाल्लेलं ३-४ तासांत आतड्यातून पुढे निघून जातं, म्हणून वाटी रात्रभर रिकामी राहिली तर ऊब तयार करायला पोटात काहीच नसतं. कोरडं खाणं कायम भरलेलं ठेवा, कच्चं मांस देत असाल तर थोडं थोडं आणि गोठायच्या आत संपेल एवढंच. आठवड्याला एकदा वजन करा, फर दाट असली की आतली हाडं डोळ्यांना दिसत नाहीत. अंघोळ थंडीत बंद, फरवरचं तेल निघून जातं. बर्फ असेल तर खुशाल खेळू द्या, वेडे होतात त्यात, मात्र दहा-पंधरा मिनिटांनी आत घ्या, टॉवेलने पोट आणि पंजे पूर्ण कोरडे करा, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर पंजे कोमट पाण्याने धुऊन मग पुसा.

आता घाबरायचं कधी आणि कधी नाही. झोपेतून उठल्यावर फेरेट थरथरतो, चांगल्या तब्येतीचाही, शरीर परत गरम करायची ती पद्धत आहे, काही मिनिटांत थांबते. दुसरं म्हणजे त्याची मेल्यासारखी झोप, उचला, हलवा, मान लोंबते, डोळे उघडत नाहीत, नवीन लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा वेळी पोटाला हात लावा, अंग गरम आहे, छाती हलतेय, हिरड्या गुलाबी आहेत, तर तो फक्त झोपलाय, उठेल. पण अंग, कान, पंजे गार, हिरड्या फिक्या, चाल लटपटती, किंवा आधी कुडकुडत होता आणि आता तेही थांबलं पण तरतरी आली नाही, तर हा हायपोथर्मिया, म्हणजे अंग धोक्याइतकं गार पडणं आहे आणि वेळ घालवायची नाही. घरात घ्या, ओला असेल तर पुसा, उबदार टॉवेलमध्ये गुंडाळून अंगाशी धरा, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात बुडवणं नको, ऊब हळूहळूच द्यायची. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर हिरड्यांना चिमूटभर मध लावा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. आणि हे करता करताच व्हेटला फोन. कानाची टोकं किंवा शेपूट पांढरट, कडक झाली असेल तर चोळू नका, तसंच घेऊन जा.

नाक गळतंय, शिंका येतायत म्हणून लगेच थंडीला दोष देऊ नका, माणसाचा फ्लू फेरेटला सहज लागतो, १९३३ साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा व्हायरस पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटवरच. त्यामुळे तुम्हाला ताप-सर्दी असेल तर त्या दिवसांत पिंजऱ्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या, नाहीतर निदान मास्क लावून, हात धुऊनच जा.

थंडी उतरताना सगळं एकदम काढू नका, रात्री अजून गार असतात. पण दुपारी ताडपत्री वर करायला विसरू नका, ऊन प्लॅस्टिकवर पडलं की आतलं टेंपरेचर भराभर चढतं आणि दाट फरचा फेरेट आत उकडून निघतो. मग फर गळायला लागेल, तेव्हा रोज ब्रश फिरवा, नाहीतर ते केस चाटून चाटून पोटात जातात आणि गोळा होतो.