शेपटी मोजा, पण घड्याळ लावून: कॉमेट चाचणीतून डीएनएची दुरुस्ती कशी वाचावी

पेशीतला डीएनए तुटला आहे का, हे पाहण्यासाठी कॉमेटइतकी स्वस्त चाचणी क्वचितच मिळेल. पेशी अगारोजच्या (जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थाच्या) पातळ थरात अडकवायच्या, पटल आणि प्रथिनं विरघळवून काढायची आणि उरलेल्या डीएनएला विद्युतक्षेत्रात ठेवायचं. धड असलेला डीएनए गोळा होऊन जागीच बसतो. तुटलेला धनाग्राकडे ओढला जातो आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते. ऑस्टलिंग आणि योहान्सन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी ती तीव्र अल्कलीत चालवली. आज बहुतेक ठिकाणी वापरात आहे ती हीच अल्कलीची पद्धत.

शेपटी दिसली की इजा झाली, असं सरसकट धरलं तर मात्र निष्कर्ष फसतो. अल्कलीत शेपटी तीन कारणांनी येते. एक, तुटलेले धागे. दोन, बेस (डीएनएच्या धाग्यावरची 'अक्षरं') गळून पडलेल्या रिकाम्या जागा, कारण त्या अल्कलीत तुटतात. आणि तीन, दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांनी स्वतःच मारलेले काप. या तिसऱ्या कारणाचा विसर पडतो, म्हणून एकाच वेळेच्या स्लाइडवरून काही ठरवू नका.

आदल्या दिवशीची तयारी

स्लाइड स्पिरिटने पुसा, १ टक्का साध्या अगारोजमध्ये बुडवा, मागची बाजू पुसून काढा आणि रात्रभर वाळू द्या. हा थर ओलसर राहिला तर वरचं जेल अल्कलीत सुटून तरंगायला लागतं.

लायसिस द्रावण, म्हणजे पटल आणि प्रथिनं विरघळवणारं द्रावण, १ लिटर करायचं तर मीठ १४६ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७.२ ग्रॅम, ट्रिस १.२ ग्रॅम घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० वर आणा. ईडीटीए पीएच वाढल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे सुरुवातीला दुधाळ दिसलं तरी घाबरू नका. ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट मात्र द्रावण वापरायच्या जरा आधीच घाला, १०० मिलिलिटरला १ मिलिलिटर. सगळं ४ अंशांवर गार करून ठेवा.

इलेक्ट्रोफोरेसिसच्या बफरसाठी लिटरला १२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.५ मोलर ईडीटीए २ मिलिलिटर. हा बफर त्याच दिवशी करा. उघड्या बाटलीतला सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, पीएच उतरतो आणि शेपट्या आखूड पडतात.

पेशींना इजा करणे आणि वेळ मोजणे

सुरुवातीला हायड्रोजन पेरॉक्साइड सोपा. ३० टक्क्यांच्या बाटलीतलं द्रावण साधारण ९.८ मोलर असतं. त्यातले १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर गार पीबीएसमध्ये (पेशींना मानवणाऱ्या खारट बफरमध्ये) घाला. या पातळ द्रावणातले १० मायक्रोलिटर १ मिलिलिटर पेशींमध्ये घातले की सुमारे १०० मायक्रोमोलर होतं. पेशीही पीबीएसमध्येच हव्यात. सीरम किंवा लाल रक्तपेशी राहिल्या तर त्यांतलं कॅटालेज पेरॉक्साइड फस्त करतं आणि तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे शेपटी हमखास दिसायला हवी तो नमुना, कोराच येतो.

५ मिनिटं बर्फावर. बर्फ यासाठी की थंडीत इजा होत राहते, पण दुरुस्तीची एन्झाइम्स जवळपास थांबतात. मग पेशी धुऊन ३७ अंशांच्या माध्यमात सोडा आणि ०, १०, २०, ३०, ६० आणि १२० व्या मिनिटाला थोड्या थोड्या काढा. काढलेला प्रत्येक नमुना लगेच बर्फावर गेलाच पाहिजे. नाहीतर शेवटचा नमुना येईपर्यंत पहिल्यातल्या भेगा बुजलेल्या असतात.

मिलिलिटरला १० लाख या प्रमाणातल्या पेशींचे ३० मायक्रोलिटर घ्या, ते ३७ अंशांवर राखलेल्या १ टक्का लो-मेल्टिंग अगारोजच्या १४० मायक्रोलिटरमध्ये हलक्या हाताने मिसळा आणि प्रत्येक स्लाइडवर ७० मायक्रोलिटरची दोन जेल टाका. वर २० मिलिमीटरची कव्हरस्लिप ठेवून ५ मिनिटं फ्रीजमध्ये. नंतर कव्हरस्लिप बाजूला सरकवून काढा, उचलू नका. लायसिस निदान १ तास. इथून पुढे खोलीतला उजेड मंद ठेवा.

उसनं प्रथिन: न दिसणारी इजा दाखवण्यासाठी

पेरॉक्साइडमुळे धागे तुटतात तसेच बेसही बिघडतात. सगळ्यांत ओळखीचा बिघाड म्हणजे ८-ऑक्सोग्वानिन. त्याने धागा तुटत नाही, म्हणून शेपटीही येत नाही. माणसाच्या पेशीत हा बिघडलेला बेस शोधून काढायचं काम ओजीजी१ हे प्रथिन करतं. ते डीएनएवरून सरकत जातं, बेस दुहेरी वळणातून बाहेर उलटवून आपल्या खोबणीत घेतं आणि तपासतं. साधा ग्वानिन आणि बिघडलेला ग्वानिन यांत फरक अगदी नखाएवढा: बिघडलेल्यात सातव्या नायट्रोजनवर हायड्रोजन असतो आणि तो प्रथिनातल्या ४२ व्या ग्लायसीनशी बंध जोडतो. समोर सायटोसिन आहे ना, हेही ओजीजी१ पाहतं. समोर चुकून अ‍ॅडेनिन बसलं असेल तर ते सहसा हात लावत नाही. तिथे एमयूटीवायएच हे दुसरं प्रथिन येऊन अ‍ॅडेनिन काढतं.

चाचणीत आपण जिवाणूचं याच कामाचं एन्झाइम उसनं घेतो, एफपीजी. ते बिघडलेला बेस काढून तिथेच धागाही कापतं, म्हणजे लपलेली इजा शेपटीत उमटते. लायसिसनंतर स्लाइड एन्झाइम बफरमध्ये (हेपीस ४० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ०.१ मोलर, ईडीटीए ०.५ मिलिमोलर, बीएसए मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम, पीएच ८) तीनदा ५-५ मिनिटं धुवा. ट्रायटन आणि मीठ राहिलं तर एन्झाइम चालणार नाही. जेलवर ५० मायक्रोलिटर एन्झाइम टाका, कव्हरस्लिप ठेवा आणि ओल्या डब्यात ३७ अंशांवर ३० मिनिटं. नुसता बफर टाकलेली जोडीची स्लाइड हवीच. दोन्हींतला फरक म्हणजे बिघडलेले बेस. एन्झाइम जास्त झालं तर ते भलतीकडेही कापतं, म्हणून प्रत्येक नवी बाटली आधी वेगवेगळ्या पातळ प्रमाणांत तपासून घ्या.

अल्कली आणि वीज

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते इथे. स्लाइड गार बफरमध्ये ४० मिनिटं ठेवून धागे उलगडू द्या. मग वीज. 'पंचवीस व्होल्ट, तीनशे मिलिअँपिअर' हा पाठ केलेला मंत्र प्रत्येक टाकीत चालत नाही. महत्त्व आहे ते स्लाइडच्या फळीवर दर सेंटिमीटरला किती व्होल्ट पडतात याला. बफरची खोली दोन मिलिमीटरने बदलली तरी हा आकडा हलतो. मल्टिमीटरने मोजा, सेंटिमीटरला सुमारे १ व्होल्ट मिळवा, २० ते ३० मिनिटं चालवा. टाकी बर्फावर ठेवा.

नंतर पीएच ७.५ च्या ०.४ मोलर ट्रिसमध्ये तीनदा धुवा, पाण्यात बुडवा, वाळवा. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवा. प्रत्येक जेलमधले ५० धूमकेतू मोजा. कडेचे, बुडबुड्याशेजारचे आणि एकमेकांवर चढलेले सोडून द्या. सॉफ्टवेअर नसेल तर डोळ्यांनी ० ते ४ गुण देऊन १०० पेशींचे ० ते ४०० गुण करा, पण गुण देणाऱ्याला कोणती स्लाइड कोणती हे कळता कामा नये.

इजा न केलेल्या पेशींनाही शेपट्या आल्या तर आधी पेशी सोडवण्यासाठी घातलेलं ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलं का आणि अगारोज गरम होतं का, ते पाहा. डोकं जवळजवळ नाहीसं झालेले 'हेजहॉग' दिसले की मेलेल्या पेशी म्हणून खोडून टाकायची घाई नको. थोड्या वेळाने घेतलेल्या नमुन्यात ते कमी झाले, तर त्यांतल्या बऱ्याच पेशी दुरुस्त होत होत्या.

अतिनील किरणांचं उलटं गणित

२५४ नॅनोमीटरच्या किरणांनी शेजारचे दोन पिरिमिडीन (थायमिन किंवा सायटोसिन हे बेस) एकमेकांना चिकटतात, धागा तुटत नाही. त्यामुळे किरण दिल्या दिल्या शेपटी जवळजवळ नसते. मग दुरुस्तीचं एक प्रथिन, एक्सपीसी, येतं. ते चिकटलेली जोडी थेट ओळखत नाही, तर समोरच्या धाग्यातली विस्कटलेली जुळणी हेरतं. हा विस्कट फारच कमी असेल तर डीडीबी२ हे प्रथिन आधी जागा दाखवतं. टीएफआयआयएच हा प्रथिनांचा संच खातरजमा करतो आणि एक्सपीएफ व एक्सपीजी ही एन्झाइम्स दोन बाजूंनी कापतात. त्या क्षणी शेपटी वाढते, पोकळी भरून सांधली गेली की पुन्हा आटते. या साखळीतलं एक्सपीए हे प्रथिन नसलेल्या, झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या पेशींत हा कापच होत नाही. तिथे शेपटी नाही, पण इजा पूर्ण शाबूत आहे.

हे कापणं ठळक पाहायचं असेल तर पोकळी भरणारं पॉलिमरेज अ‍ॅफिडिकोलिन या रसायनाने रोखा. काप साठत जातील. मात्रा आपल्या पेशींवर आधी ठरवा. सोबत किरण न देता नुसतं अ‍ॅफिडिकोलिन घातलेली स्लाइडही लावा, कारण विभाजन चालू असलेल्या पेशींत त्यानेच थोडी शेपटी येते.