जुनी जीप घेताय? मग या चुका तरी टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी नवा मुलगा जुनी जीप घेतो आणि मला फोटो पाठवतो. चकाचक रंग, पुढे विंच, चार दणकट टायर, आणि खाली प्रश्न, दादा कशी वाटतेय? मी एवढंच विचारतो की ब्रेकचे होज, म्हणजे ब्रेक ऑईल नेणाऱ्या रबरी नळ्या, कधी बदललेस, आणि उत्तर येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बोलतोय ते मुख्यतः हाय हूड जीपबद्दल, म्हणजे सीजे थ्री बी, विलीजने 1953 ला आणलेली आणि नंतर आपल्या महिंद्राने कित्येक वर्षं बनवलेली. महिंद्राच्याच एमएम 540 जीपवाल्यांनाही यातलं बरंच लागू आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी रंग आणि मग ब्रेक. आमच्या इथल्या एका पोराने हाय हूड घेतली, हातात होते लाखभर रुपये, त्यातले ऐंशी हजार डेंटिंग-पेंटिंग, सीट आणि टायरमध्ये घातले. ब्रेक लागतायत ना, मग पुढच्या महिन्यात बघू, असं त्याचं म्हणणं. मी होज बघितले होते, काळेभोर, नव्यासारखे दिसत होते, म्हणून मीही पुढे काही बोललो नाही. रविवारी पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरत होतो, मी शेजारी बसलेलो. एका वळणाआधी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकलं. पंप केला तरी काही नाही. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट असतं, चारपैकी एका चाकाकडे जरी गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात, हे नव्या गाड्यांवर शिकलेल्यांना माहितीच नसतं. हँडब्रेक ओढला तर तोही धरेना. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, मागे प्रोपेलर शाफ्टवर एक ड्रम असतो त्यावर लागतो, आणि ट्रान्स्फर केसचं ऑईल सील गळत असलं की त्या ड्रममधलं ब्रेक लायनर तेलाने माखतं. त्याने सेकंड गिअर टाकला, मी ओरडून डोंगराच्या बाजूला घ्यायला लावली, गटारात एक चाक घालून आणि मातीला घासत आम्ही थांबलो. नवीन रंग अख्ख्या एका बाजूने गेला, माणसं वाचली.

नंतर खाली झोपून बघितलं तर पुढचा डावा होज फुटलेला. नखाने खरवडला तर वरून काळ्या रंगाची साल निघाली आणि आत रबर भेगाळलेलं, वाळक्या चामड्यासारखं. पेंटरने चेसिसवर काळा स्प्रे मारताना होजवरही मारला होता. तेव्हापासून माझा नियम असा की घेतलेली गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिन्ही होज, चारही व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडरचं किट नवीन, न बघता. मेटलच्या पाईपला गंज दिसला तर तेही. आणि ब्रेक ऑईल कमी झालं म्हणून गॅरेजमधलं हाताला लागेल ते तेल ओतू नका, रबर फुगून ब्रेक जाम होतात.

दुसरी चूक, कागद. हाय हूड मूळची पेट्रोल, पण बऱ्याच गाड्यांत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलंय आणि आरसीवर अजून पेट्रोलच आहे. विकणारा म्हणतो, सगळ्यांचं असंच असतं. असू दे, तुम्ही घेऊ नका. टोकन देण्याआधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा, वेल्डिंग केलेलं किंवा ग्राइंडर फिरवलेलं दिसलं तर तिथूनच परत या. 15 वर्षांनंतरची फेरनोंदणी 5 वर्षांचीच मिळते, ती कधी संपतेय तेही बघा. 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोज वापरता येत नाही, त्यामुळे डिझेल इंजिन आणि रुंद टायर लावून मग तिथे जाऊ नका. आणि मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही, तो फक्त सैन्यदलाचा.

चाळीस-पन्नासच्या स्पीडला खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थरथरतं, त्यावर लोक स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे धक्के खाणारा छोटा शॉकअप, लावून मोकळे होतात. मला याचा फार राग येतो. डॅम्पर थरथर लपवतो, झीज तशीच राहते. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पिनेचा, प्ले लगेच हाताला कळतो. मग टायरॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे सांधे, बघा, आणि मधला बेल क्रँक, म्हणजे स्टिअरिंगची ओढ त्या दांड्यांकडे नेणारा तुकडा, त्याची पिन आणि बुश झिजलेले असतात आणि तिकडे कुणी बघतच नाही. किंगपिनचे बेअरिंग बदलून शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या, नीट बसवणारा जुना मिस्त्री शोधा, दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून फिरू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, सगळा ताण शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर जातो. फोर बाय फोरची लिव्हर अडकली तर गाडी थोडी रिव्हर्स घ्या, सुटते. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर तर नकोच.

सगळी गाडी एकाच वेळी उघडू नका. एक काम उघडा, संपवा, चालवा, मग दुसरं. अशा किती तरी जीपा पोत्यांतल्या नट-बोल्टांसकट भंगारात गेलेल्या मी बघितल्यात.

आणि गाडी दहा मिनिटं छान चालून बंद पडत असेल, थोड्या वेळाने परत चालू होत असेल तर कार्ब्युरेटर खोलायच्या आधी टाकी बघा. ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते, सीट काढली की हाताशी येते. पेट्रोल पूर्ण काढून घ्या, टॉर्च खाली न्या, तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गंज साचलेला असतो, तोच पाईपच्या तोंडाशी जाऊन बसतो. टाकी उतरवून नीट धुऊन घ्या, फिल्टर बदला. माझ्याकडे आलेल्या अशा तीन गाड्यांचा कार्ब्युरेटर त्याआधी दोन-दोनदा उघडलेला होता.